दिवसाचे टेबल

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या माळेगाव बुद्रुकला घराघरांतली मुले परत येतात. साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला असतो, बॉयलर पेटवण्याची बोलणी चालू असतात, आणि उसाच्या फडांवर पहाटे धुके उतरू लागते. अशाच एका सकाळी, गेल्या दिवाळीत, माझी पुतणी मुंबईहून आली. ती कर्करोगावर संशोधन करते. पीएच.डी. होऊन दीड वर्ष लोटले, तरी नेमणूक अजून वर्षावर्षाचीच. अभ्यंगस्नान आटोपून ती फराळाला बसली, तेव्हा आमच्या मातोश्रींनी, म्हणजे तिच्या आजीने, तिच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "अजून शिकतीच व्हय गं तू?"

पोरगी हसली खरी, पण उत्तर तिला देता आले नाही. मागाहून एकटी सापडली तेव्हा माझ्यापाशी बोलली. ती जिथे काम करते तेथील विद्यावेतन पाच महिन्यांपासून आलेले नव्हते. "काका, शिकतेय म्हणावं तर शिकणं संपलंय, आणि नोकरी म्हणावी तर नोकरी नाही," ती म्हणाली.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यात लढाया फार, तह त्याहून फार; प्रयोगशाळेचा इतिहास कधी शिकवण्याचा प्रसंग आला नाही. परंतु त्या दिवशी मनात आले, की शिकून तयार झालेल्या तरुण माणसाला पहिला हात कोण देतो, याचाही काही इतिहास असेलच की! मग वाचीत गेलो, आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन कमलाबाई भेटल्या. त्यांची हकीकत सांगावीशी वाटते.

पहिल्या कमला भागवत, पुढे सोहोनी. विदुषी दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. घर रसायनशास्त्राचे, वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत त्यांनी अर्ज केला. त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले होते. नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झालेली, देशभर नाव गाजत होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

ते दिवस सत्याग्रहाचे. बाई बंगलोरला जाऊन धडकल्या आणि अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेचे वातावरण त्यांनी बिघडवता कामा नये! ही तिसरी अट वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ अंगणात फिरून आलो. एवढा मोठा माणूस, समुद्राचा रंग उलगडून दाखवणारा, आणि त्याने वीस-बावीस वर्षांच्या मुलीला हे लिहून घ्यावे ना!

पण त्याच संस्थेत श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक होते. मोठे शिस्तीचे, तितकेच आस्थेचे. दूध, डाळी, कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी या विद्यार्थिनीकडून काम करून घेतले. गरिबाच्या ताटातले अन्न हाच तिचा पुढे आयुष्यभराचा विषय झाला. वर्ष संपले तेव्हा रामन यांचेही समाधान झाले. तिला नियमित करण्यात आले, आणि पुढे आणखी मुलींना त्या संस्थेचे दार उघडले. १९३६ साली एम.एस्सी. झाली. कमलाबाईंनी ती अट मात्र कधी विसरली नाही. उतारवयात स्त्री-शास्त्रज्ञांच्या एका समारंभात, रामन थोर शास्त्रज्ञ होते पण मनाने संकुचित होते, असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले. मला त्यात काही वावगे वाटत नाही. दार उघडले म्हणून ते आधी तोंडावर लावले होते हे का विसरावे?

पुढे सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९३७ च्या डिसेंबरात त्या केंब्रिजला पोहोचल्या. सर फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल मिळवलेला हा वृद्ध शास्त्रज्ञ. त्याने कागदपत्रे पाहिली. मुलगी घ्यावीशी वाटली, पण जागाच नव्हती, एकूण एक टेबल भरलेले. तेव्हा तिथे काम करणारे डेरेक रिक्टर नावाचे संशोधक पुढे आले. माझे टेबल दिवसा या बाईंनी वापरावे, मी रात्री काम करीन, असे त्यांनी सुचवले, असे सांगतात.

या टेबलापाशी मी फार वेळ रेंगाळलो. बंगलोरला रात्र अट म्हणून समोर ठेवली गेली होती. इथे एका परक्या, परदेशी माणसाने रात्र स्वतःकडे घेतली आणि दिवस तिला दिला. शिष्यवृत्तीचे रुपये होतेच. पण नुसत्या रुपयांनी कुणाला बसायला टेबल मिळत नाही.

त्यानंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनावर काम करताना, बटाट्यापासून सुरुवात करून, वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असते, हे त्यांनी दाखवले. अवघ्या चौदा महिन्यांचे काम आणि चाळीस पानांचा प्रबंध! आजकालचे जाडजूड प्रबंध ज्यांनी उचलून पाहिले आहेत, त्यांनी या चाळीस पानांना मनोमन नमस्कार करावा. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा, आणि १९४७ साली श्री. सोहोनींशी विवाह झाल्यावर मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, असा प्रवास झाला.

मुंबईला त्या स्वतः गुरू झाल्या, आणि विद्यार्थ्यांना त्यांनी विषय दिले ते ओळखीचे: कडधान्ये, धान्याचे पीठ आणि नीरा. आमच्याकडे नीरा म्हटले की आधी नदी आणि डावा कालवा डोळ्यांपुढे येतो. पण ही नीरा ताडामाडाच्या झाडावरून पहाटे उतरवायची. तिच्यातले पोषण मोजणारे हे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. त्या संस्थेच्या संचालकपदावर पुढे त्या बसल्या खऱ्या, पण हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षे उशिराने. १९९८ साली त्या वारल्या.

दुसऱ्या कमलाबाईंची वाट निराळी. कमल समर्थ, जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक, मुलीचे शिक्षण हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्ये. मुलीने डॉक्टर व्हावे नि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा. मुलीने पुण्याच्या शेतकी कॉलेजात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि लग्न केले ते गणिती ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी! मुंबईला आल्यावर टाटा स्मारक रुग्णालयात त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर भेटले.

खानोलकरांविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते, याचे मला नवल वाटते. १८९५ साली जन्मलेले, लंडनला विकृतिशास्त्र शिकून आलेले, आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झालेले. आपल्या चालीरीतींतून कोणते कर्करोग उद्भवतात, हे त्यांनी हुडकले. कंबरेला रोज घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली होणारा कर्करोग, हे त्याचे एक उदाहरण. १९४५ साली याविषयीचा निबंध अमेरिकेच्या नियतकालिकात छापून आला, आणि त्यावर नावे दोन आहेत: खानोलकर आणि सूर्याबाई. वरिष्ठाने आपले एकट्याचे नाव घालावे आणि हाताखालच्याने ते मुकाट्याने पाहावे, असे तेव्हाही होत असे नि आजही होते. म्हणून ही दोन नावे मला मोलाची वाटतात.

या गुरूच्या हाताखाली कमलाबाई १९४९ साली पीएच.डी. झाल्या, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या बाटलीत पेशी जगवण्याची विद्या, शिकून आल्या. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या स्त्रीच्या शरीरातील पेशी १९५१ साली याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, आणि त्या आजही जगभर वाढत आहेत. हे मात्र त्या स्त्रीला न विचारता झाले. कमलाबाई परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी जागा होती. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले होते, खानोलकर त्याचे पहिले संचालक होते, आणि तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारण्याचे काम या परतलेल्या शिष्येवर सोपवण्यात आले. परदेशी पाठवणारे पुष्कळ असतात हो. परत आल्यावर किल्ली हातात देणारा विरळा.

१९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राचा कारभार कमलाबाईंनी सांभाळला. आणि १९७३ साली अकरा सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने वाशीला काय बांधले? सभागृह वगैरे असेल. पण मला आवडली ती दोन कामे, नोकरी-शिक्षण करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. तरुण बाई प्रयोगशाळेतून कुठे गळते, हे त्या पुरते ओळखून होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी १९८९ साली हाती घेतली, म्हणजे निवृत्तीचे वय कधीच उलटल्यावर.

पैशाची बाजूही सांगायला हवी, नाही तर मी नुसता भावनेवर बोलतो असे वाटेल. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी केला. त्यातून जगभरच्या संशोधकांना आणि हिंदी तरुणांनाही वेतने मिळू लागली. आज सरकारची कनिष्ठ संशोधकाची वृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे, आणि परदेशातून परतणाऱ्यांसाठी डॉ. रामलिंगस्वामी यांच्या नावाची वेगळी वृत्ती आहे. आकडा वाईट नाही. पण महिना उलटून पाच महिने झाले तरी तो आकडा कागदावरच राहिला, तर मुलीने मुंबईत खोलीचे भाडे कशाने भरावे?

आमच्या शेजारच्या माळेगाव खुर्दलाच २००९ साली केंद्र सरकारची अजैविक ताणाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. दुष्काळ आणि खारपड जमीन यांवर तिथे काम चालते. तिच्या फाटकापाशी सकाळी खांद्याला पिशव्या अडकवून जाणारी तरुण मुले मला दिसतात. पूर्वी मी त्यांना विद्यार्थी समजत असे.

पुतणीला ही सारी हकीकत मी पाडव्याच्या रात्री सांगितली. रिक्टरच्या टेबलाची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. मग म्हणाली, "काका, आमच्या बाईंनी गेले पाच महिने माझं भाडं भरलंय. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी निघावे, असा घरातल्यांचा आग्रह होता; पण ओवाळणी होताच तिने बॅग भरली. बाटलीतल्या पेशींना दोन-तीन दिवसांनी नवे अन्न घालावे लागते, नाही तर त्या मरतात. आजीला हे एकदम पटले. गोठ्यातली जनावरे टाकून ती स्वतः कधी माहेरी दोन रात्री राहिलेली नाही. तिने चिवड्याचा आणि करंज्यांचा डबा बांधला, वर जुन्या साडीचे फडके घट्ट आवळले, आणि पोरीच्या हातात देत म्हणाली, "ह्यो तुला न्हाई. तुझ्या त्या बाईंना दे."