दाखल नोंदवहीबाहेरची नियतकालिके

कोयनानगरच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने धरणाचा जलसाठा आणि भूकंप यांच्या संबंधाची चर्चा जगभर सुरू राहिली. त्यावरचे पुष्कळसे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत विखुरले आहे. कोयना खोऱ्यातील विद्यार्थ्याच्या हाती ते कसे पडावे, हा प्रश्न आम्हां साहित्याच्या अध्यापकांनाही परका नाही.

पूर्वी छापील अंक महाविद्यालयाच्या मालकीचा होई. वर्गणी थांबली तरी जुने अंक बांधणी होऊन कपाटात राहत. २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ योजना आली आणि हजारो ई-नियतकालिके परवान्याने खुली झाली. परवाना वाचनाचा हक्क देतो, मालकी देत नाही. करारात तरतूद नसेल, तर मुदत संपताच मागील अंकही दिसेनासे होतात.

म्हणून तालिकेत केवळ शीर्षक आणि दुवा नोंदवून भागत नाही. कोणत्या वर्षापासूनचे अंक उपलब्ध आहेत, परवाना केव्हापर्यंत आहे आणि त्यानंतर कोणता हक्क उरतो, हेही ग्रंथपालाने नोंदवायला हवे. रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतील पहिले सूत्र ग्रंथांच्या उपयोगाचे आहे. जे तालिकेत सापडत नाही, त्याचा उपयोग कोण करणार? अशा वेळी खोऱ्याचा इतिहास खोऱ्यालाच अनोळखी राहतो, असे आम्हांस वाटते.