मूठभर धान्य आणि शाळेची पायरी



वाई म्हटली की कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती डोळ्यांपुढे उभे राहतात. विद्येचंही हे जुनं ठाणं. १९१६ साली इथं प्राज्ञपाठशाळा स्थापन झाली. पुढं मराठी विश्वकोशाचं कामही याच गावी उभं राहिलं. पण याच तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर गुरुजी पालकसभा बोलावतात, तेव्हा येतात किती जण? बोटांवर मोजण्याइतके! गुरुजी म्हणतात, “पालकांना आस्थाच नाही.” पालक म्हणतो, “आम्ही अडाणी माणसं, येऊन काय करणार?”

ही तक्रार आजची नव्हे. आपल्या मुलखानं तिच्यावर तीन उपाय करून पाहिले. त्यांची हकिकत ऐका.

पहिला उपाय कायद्याचा. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे काय, हे म्हाताऱ्या माणसांकडून आपण ऐकलंच असेल. त्या दिवसांत हे करणं जरूरच होतं. पण दंडानं पोराचे पाय शाळेकडे वळतात. बापाचं मन वळायला आणखी काही लागतं.

ते आणखी काही कर्मवीर भाऊराव पाटलांना गवसलं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं वसतिगृहात एका पंगतीला जेवू लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण नुसत्या दागिन्यांवर संस्था किती दिवस चालणार? म्हणून मुष्टिफंड निघाला. घरोघरच्या बायांनी मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायचं. आता बघा, जिनं जन्मात पाटी हातात धरली नाही, तीही शाळेची दाती झाली! ज्या शाळेत आपली मूठ पडली, ती शाळा परकी कशी वाटेल?

तिसरा उपाय १९५९ सालचा. त्याच साली ९ मे रोजी भाऊराव गेले, आणि त्याच साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. इथं मोठ्या माणसांनीच अक्षरं गिरवायची होती. एकट्यादुकट्यानं नव्हे, साऱ्या गावानं मिळून. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. ही मोहीम पुढं राज्यभर पसरली. ज्या बापानं स्वतः अक्षर गिरवलं, त्याला शाळेची पायरी चढायला भीती कसली?

आज २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा आईबापांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या बायका हव्यात असंही सांगितलं आहे. पण समितीवरची बाई अंगठा उठवून घरी जात असेल, तर तो कायदा कागदावरच राहिला म्हणायचा.

तेव्हा गुरुजी, एवढं करून पाहा. हळद काढायच्या दिवसांत दुपारी सभा ठेवू नका, दिवेलागणीनंतर ठेवा. पोराची चूक सांगायला बापाला बोलावण्याआधी, पोराचा एक गुण सांगायला त्याच्या दारी जा. आणि आल्यावर त्याला नुसतं ऐकवू नका, काम द्या. कोणी कुंपण घालील, कोणी झाडं लावील, एखादी आजी जात्यावरच्या ओव्या मुलांना शिकवील.

आणि पालकहो, तुम्ही बावधनच्या बगाडाला आमंत्रणाची वाट पाहता का? नाही, कारण बगाड आपलं आहे. शाळाही आपलीच आहे. सातवी-आठवीत पोरगी शाळा सोडते, तेव्हा नुकसान गुरुजींचं होत नाही, आपल्या घराचं होतं. तुमच्या आज्यांनी मूठभर धान्य दिलं. तुम्ही महिन्यातून एक संध्याकाळ द्या.