टायमिंग बेल्ट व त्यासोबत बदलायचे भाग (जुन्या मोटारीत)

टायमिंग बेल्ट : इंजिनातील क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणारा दातेरी रबरी पट्टा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा एक फेरा हे प्रमाण तो राखतो, त्यामुळे व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडतात आणि मिटतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. पट्टा एखाददुसरा दात सरकला तरी हा मेळ बिघडतो.

मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारीत असा पट्टा पश्चिम जर्मनीतील ग्लास १००४ या गाडीने १९६२ साली आणला. साखळीपेक्षा तो हलका, स्वस्त आणि कमी आवाजाचा असल्याने पुढे सर्वत्र पसरला. भारतात मारुती ८००, सँट्रो, डिझेल इंडिका आणि २०१२ साली आलेली डिझेल डस्टर या गाड्यांत पट्टाच आहे, १.३ लिटर डिझेल स्विफ्टमध्ये मात्र साखळी आहे. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत वेगळी व्यवस्था असू शकते, म्हणून चौकशी गाडीच्या नावावरून न करता इंजिनावरून करावी.

पट्टा तुटण्याआधी बहुधा कोणतीच सूचना देत नाही. पिस्टन वर येतो त्या जागेत उघडा व्हॉल्व्हही उतरू शकेल अशी ज्या इंजिनांची रचना असते, त्यांत पट्टा तुटताच दोघांची धडक होते. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो आणि हेड उतरवावे लागते. डिझेल इंजिनात दाब जास्त लागतो, म्हणून पिस्टनच्या वर मोकळी जागा फारच थोडी असते. तिथे सुटका जवळजवळ नसते. चालती गाडी अचानक बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरतो आहे असे वाटले, तर पुन्हा पुन्हा सेल मारू नये. धक्का देऊन गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. वाचलेले व्हॉल्व्ह त्यात जातात.

पट्टा कधी बदलायचा याचे किलोमीटर आणि वर्षे कंपनी मॅन्युअलमध्ये देते; दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचे. वर्षांची अट अनेकजण सोडून देतात. गाडी उभी असली तरी रबर वयाने कडक होते, आणि मुंबई-पुण्याच्या कोंडीत इंजिन तासन्‌तास चालूनही मीटर फारसा पुढे जात नाही. जुनी गाडी घेताना ‘पट्टा बदललाय’ हे तोंडी सांगणे पुरावा म्हणून धरू नये. तारीख व किलोमीटर लिहिलेले बिल नसेल, तर पट्टा बदललेला नाही असेच समजावे.

या कामात पट्ट्याच्या किमतीपेक्षा तिथवर पोहोचण्याची मजुरी मोठी असते. एका बाजूचे इंजिन माउंटिंग सोडवून इंजिनाला जॅकचा आधार द्यायचा, क्रँक पुली काढायची, कव्हरे उतरवायची. एवढे उघडल्यावर नुसता पट्टा बदलून परत झाकणे ही खोटी बचत होय. पट्ट्याला ताण देणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारी आयडलर पुली यांची बेअरिंगे पट्ट्याइतकीच चाललेली असतात. बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही घासून तुटतो.

वॉटर पंपाचे उत्तर इंजिनागणिक बदलते. डस्टरच्या १,४६१ सीसी डिझेल इंजिनात वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो. तिथे पंप जुना ठेवणे म्हणजे त्याच्या गळतीसाठी किंवा जाम होण्यासाठी हे सगळे काम पुन्हा करण्याची तयारी ठेवणे. पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर चालत असेल तर तो तपासून निर्णय घ्यावा, उगाच बदलू नये. पंप निघाला की कूलंट नवे भरावे, कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचेच, आणि आत अडकलेली हवा काढावी. कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलजवळ ओल दिसली तर सील बदलल्याशिवाय पट्टा चढवू नये, कारण तेलाने त्याचे रबर फुगते आणि दात सुटतात. बाहेरचा फॅन बेल्ट तसाही काढावा लागतो. त्याला भेगा असतील तर तोही नवा घालावा. क्रँक पुलीचा बोल्ट अनेक इंजिनांत एकदाच वापरायचा असतो.

बसवताना टायमिंगच्या खुणा जुळवून, आणि कंपनीने सांगितले असेल तिथे लॉकिंग पिना लावूनच काम करावे. ताण इंजिन थंड असताना द्यावा. नवा पट्टा दुमडू किंवा पिळू नये, आतले काचतंतू तुटतात. शेवटी पाना लावून क्रँकशाफ्ट चालत्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. मध्ये कुठे अडले तर जोर न लावता पुन्हा उघडावे. ही पायरी घाईत वगळणाऱ्या गॅरेजकडे हे काम देऊ नये.

काम झाल्यावर काढलेले भाग मागून पाहावेत. बिलात तारीख, किलोमीटर आणि बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्यावे व ते गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. गाडी पुढे विकताना नव्या मालकाला तेच दाखवता येते.