लूव्र : राजवाड्याचे संग्रहालय कसे झाले?

पॅरिसमधील लूव्र संग्रहालय म्हटले, की आपल्याला 'मोनालिसा' आठवते. परंतु या इमारतीच्या तळघरात उतरले, तर समोर येतात त्या एका किल्ल्याच्या दगडी भिंती. १९८० च्या दशकातील उत्खननात त्या उघड्या झाल्या. इ.स. ११९० च्या सुमारास फिलिप ऑगस्टस या राजाने शहराच्या रक्षणासाठी हा किल्ला बांधायला घेतला. चौदाव्या शतकात पाचव्या चार्ल्सने तो राहण्याजोगा केला आणि १५४६ मध्ये पहिल्या फ्रान्सिसने त्याच जागी नवा राजवाडा उभारण्याचे ठरवले. लिओनार्दो दा विंचीला फ्रान्समध्ये बोलावून घेणारा राजा तो हाच. 'मोनालिसा' फ्रान्सच्या राजांच्या संग्रहात आली ती त्याच्याच काळात.

किल्ल्याचा राजवाडा झाला, यात नवल नाही. राजवाड्याचे संग्रहालय कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

१६८२ मध्ये चौदाव्या लुईने आपला दरबार व्हर्सायला हलवला. रिकाम्या लूव्रमध्ये चित्रकार-शिल्पकार राहत, काम करत. १६९९ पासून विज्ञान अकादमीच्या बैठकाही तेथेच भरू लागल्या. राजाची जुनी, मौल्यवान चित्रे मात्र सामान्य माणसाच्या दृष्टीस पडत नसत. ती राजाची खासगी मालमत्ता होती. १७४७ मध्ये ला फों द सँ-येन या समीक्षकाने एक पुस्तिका लिहून, ही चित्रे लूव्रमध्ये लोकांना दाखवावीत अशी मागणी केली.

१७५० मध्ये ही मागणी निम्मीशिम्मी पूर्ण झाली. पॅरिसमधल्याच लक्झेंबर्ग राजवाड्यात शंभराच्या आसपास चित्रे मांडण्यात आली आणि आठवड्यातून दोन दिवस लोकांना ती पाहण्याची मुभा मिळाली. सुमारे तीस वर्षे हे चालले. पुढे तो राजवाडा राजाच्या धाकट्या भावाला, प्रोव्हान्सच्या काउंटला देण्यात आला आणि १७८० च्या सुमारास प्रदर्शन बंद झाले. लोकांना तक्रार करायला जागाच नव्हती. मेहेरबानी म्हणून मिळालेली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीने परत जाते.

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजसत्ता कोसळली आणि बरोबर वर्षाने, १० ऑगस्ट १७९३ रोजी, लूव्रचे दरवाजे संग्रहालय म्हणून उघडले. राजाकडून आणि चर्चकडून ताब्यात घेतलेली पाचशेहून अधिक चित्रे तेथे होती. त्याच वर्षी जूनमध्ये राजाच्या वनस्पती-उद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय झाले होते, तर १ ऑगस्टला मीटरवर आधारलेल्या मापनपद्धतीचा कायदा संमत झाला होता. चित्रे, वनस्पती आणि मोजमापे या तिन्हींमागचा विचार एकच होता : ज्ञान ही कुणा एकाची मालमत्ता नव्हे.

क्रांतीच्या नव्या पंचांगात आठवडा दहा दिवसांचा होता. त्यातले पाच दिवस लूव्र चित्रांच्या नकला करून शिकणाऱ्या कलावंतांसाठी राखून ठेवलेले असे, दोन दिवस साफसफाईसाठी आणि तीन दिवस सर्वांसाठी. त्या तीन दिवसांत कोणीही येऊ शकत असे, आणि तेही विनामूल्य.

पण गोष्ट इथे संपत नाही. कला स्वतंत्र झालेल्या लोकांची आहे, या तत्त्वाचा लवकरच सोयीचा अर्थ लावण्यात आला. कलाकृतींचे खरे घर म्हणजे स्वतंत्र देश, आणि असा देश म्हणजे फ्रान्स, असे सांगून फ्रेंच सैन्याने जिंकलेल्या प्रदेशांतून चित्रे आणि मूर्ती आणायला सुरुवात केली. १७९६ मध्ये इटलीतील वस्तू निवडण्यासाठी जी समिती गेली, तिच्यात गणिती माँज आणि रसायनशास्त्रज्ञ बर्थोले हेही होते. शास्त्रज्ञ असल्यामुळे माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे. १८०३ मध्ये तर संग्रहालयाला नेपोलियनचेच नाव देण्यात आले. १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याचा पराभव झाल्यावर सुमारे पाच हजार वस्तू मूळ देशांना परत कराव्या लागल्या. सगळ्याच गेल्या नाहीत. व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनगृहातून आणलेले व्हेरोनेजेचे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे भव्य चित्र आजही लूव्रमध्येच आहे.

नेपोलियननंतर अठरावा लुई फ्रान्सच्या गादीवर बसला. हा कोण? लक्झेंबर्ग राजवाडा ज्याला मिळाला होता, तोच प्रोव्हान्सचा काउंट! आता तो राजा होता, संग्रहालयाच्या नावातही पुन्हा 'राजा'चा उल्लेख आला. परंतु लूव्रचे दरवाजे लोकांना बंद झाले नाहीत. मधल्या काळात लोकांना तेथे जाण्याची सवय झाली होती आणि ही आपली जागा आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. १७८० च्या सुमारास जे सहज बंद पडले, ते १८१५ मध्ये बंद करणे सोपे राहिले नव्हते.

हा धडा इतिहासाच्या तासाला जरूर शिकवावा. त्याआधी आपल्या शाळेतील ग्रंथालयाचे आणि प्रयोगशाळेचे कपाट एकदा पाहावे. त्यातली पुस्तके आणि उपकरणे मुलांच्या हाती केव्हा येतात? कुणाची मर्जी असेल तेव्हा, की वेळापत्रकात त्यांचे दिवस ठरलेले आहेत म्हणून?