फर्दापूरचा तळ आणि रेषेची सामग्री

अजिंठ्याच्या लेण्यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु ज्या गावाच्या आश्रयाने त्या लेण्यांतील चित्रे कागदावर आणि कापडावर उतरली, त्या फर्दापुराचे नाव कलेतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच एका ओळीपलीकडे जाते. सोयगाव तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी, खानदेशाच्या तोंडावर वसलेले आहे. मोगल अमदानीतील सराई येथे आहे. घाट चढावयाच्या आधी काफिल्याने येथे विसावा घ्यावा हा त्या सराईचा उद्देश. आजचा प्रवासीही गावाजवळच्या तिठ्यावर आपली गाडी सोडतो व तेथून बसने वाघोरेच्या दरीत शिरतो. उतारूंना तात्पुरता आसरा देणे हा ह्या गावाचा जणू पिढीजात धर्मच आहे, आणि गेल्या दोन शतकांत ह्या उतारूंमध्ये चित्रकारांची संख्या मोठी होती.

ह्या चित्रकारांनी आपल्याबरोबर कोणते सामान आणले, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो आम्हांस सुचण्याचे कारण असे, की हल्ली महाविद्यालयांतील कित्येक तरुणांना चित्रकथा काढण्याचा छंद लागला आहे. शिसपेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर शाईची रेषा चढवावयाची वेळ आली, की ते गोंधळून जातात. कोणती शाई घ्यावी, टाक घ्यावा की कुंचला, कागद कोणता, ह्या चौकश्या करीत ते दुकानात जातात आणि पेटीभर सामान घेऊन परत येतात. त्या पेटीतील दोनतृतीयांश वस्तूंना पुढे वर्षभर हात लागत नाही. विजेच्या पाटीवर चित्र काढणाऱ्यांची तऱ्हा तर ह्याहून वेगळी. तेथे शेकडो कुंचले फुकट मिळतात, म्हणून एकाचीही ओळख होत नाही. नवशिक्याने कोणते साधन निवडावे ह्याचे उत्तर दुकानदाराच्या यादीपेक्षा फर्दापूरच्या तळावरून अधिक चांगले मिळते, असे आमचे मत आहे.

प्रथम मूळ चित्रकारांचेच पाहू. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात इसवी सनापूर्वीच्या काळातील जी चित्रे उरली आहेत, त्यांत छद्दन्त जातकाची कथा भिंतीवर आडव्या पट्टीने सांगितलेली आहे. पूर्वजन्मीचा मत्सर मनात धरून काशीची राणी सहा सुळ्यांच्या हत्तीचे सुळे आणावयास व्याधाला पाठविते; हत्ती ते सुखाने देतो; आणि सुळे समोर येताच राणी मूर्च्छित होते. प्रसंगामागून प्रसंग, तीच पात्रे पुन्हा पुन्हा, मध्ये झाडे नाहीतर वास्तू घालून केलेली विभागणी: आज आपण ज्याला चित्रकथा म्हणतो तिची सारी अंगे येथे आहेत. आणि सामग्री कोणती? तांबडा व पिवळा गेरू, हिरवी माती, पांढरा रंग आणि काजळ. निळा रंग ह्या जुन्या चित्रांत नाही. पुढे पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी, राजावर्ताचा निळा आला. तो दूर बदख्शानच्या खाणींतून यावयाचा, म्हणजे मोलाचाच असणार. बाकीचे रंग बहुतेक मातीचे. सर्वांत महाग रंग हाती नसताना छद्दन्ताची करुण कथा सांगता आली, ही गोष्ट ज्याला रंगांची पेटी विकत घ्यावयाची आहे त्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्या चित्रांची पद्धतही शाईच्या कामाला फार जवळची आहे. माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू ह्यांच्या गिलाव्यावर पांढऱ्या अस्तराचा पातळ हात देत, त्यावर गेरूने आकृती आखीत, मग रंग भरीत, आणि शेवटी तपकिरी किंवा काळ्या रंगाने बाह्यरेषा पुन्हा घालून ती निश्चित करीत. पहिली रेषा शोधणारी आणि दुसरी ठरविणारी. चित्रकथेत शिसपेन्सिल आणि शाई ह्यांचे नाते अगदी असेच आहे. जो पहिल्या रेषेवरून नुसता हात फिरवितो त्याची दुसरी रेषा मेलेली दिसते. अजिंठ्यात दोन्ही रेषा काही ठिकाणी एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात, कारण दुसऱ्या वेळी चित्रकाराने पुन्हा विचार केलेला असतो.

आमच्या जुन्या ग्रंथकारांना साधनांचा विचार हलका वाटत नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त काजळ आणि भात ह्यांपासून केलेल्या आखणीच्या कांडीचे वर्णन आहे, आणि वासराच्या कानातील केस लाखेने बसवून केलेल्या कुंचल्याचेही आहे. केरळातील ‘शिल्परत्न’ हा ग्रंथ जाड, मध्यम व बारीक असे कुंचल्यांचे तीन प्रकार सांगतो. त्यांतील बारीक कुंचल्याला खारीच्या शेपटीचे केस लागतात. गंमत अशी, की सुमारे इ. स. १४०० च्या आगेमागे इटलीत चेन्नीनो चेन्नीनी ह्या चित्रकाराने लिहिलेल्या पाठपुस्तकातही बारीक कुंचला खारीच्याच शेपटीचा सांगितलेला आहे. ह्या चेन्नीनीची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

आता तळावरच्या पाहुण्यांकडे वळू. १८१९ साली जॉन स्मिथ ह्या मद्रास घोडदळाच्या अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली. १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल ह्या मद्रास लष्करातील अधिकाऱ्याची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. गिल अजिंठा गावच्या बारादरीत राहिला, फर्दापुरास नव्हे. जवळजवळ वीस वर्षे त्याने ह्या कामात घालविली. त्याने निवडलेले साधन होते तैलरंग आणि मोठमोठे कापडी फलक. लंडनच्या प्रदर्शनात भिंतीवर लावावयास ते योग्यच होते. पण १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅम येथील स्फटिकप्रासादाला आग लागली आणि गिलच्या त्या फलकांपैकी बहुतेक सारे जळून गेले. त्याआधी, १८५६ साली, श्रीमती स्पीअर ह्यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकासाठी जॉर्ज शार्फ ह्याने गिलच्या काही नकलांवरून लहान लहान रेखाचित्रे केली होती आणि ती लाकडी ठशांवरून छापली गेली होती. काही चित्रांच्या बाबतीत गिलच्या श्रमाचा जो अंश आज उरला आहे तो एवढाच. फलक जळाले, आणि तळहाताएवढ्या काळ्या रेषा मात्र वाचल्या. छापखान्याच्या शाईला जो टिकाऊपणा येतो तो प्रतींच्या संख्येमुळे येतो, हे खरे. परंतु त्या प्रती निघू शकल्या त्या चित्र रेषेत उतरले होते म्हणूनच.

गिलच्या मागून आले जॉन ग्रिफिथ्स. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे हे अध्यापक १८७२ पासून पुढे बारातेरा वर्षे आपले विद्यार्थी घेऊन हंगामाहंगामाने येथे येत राहिले. पेस्तनजी बमनजी व जगन्नाथ अनंत ही त्या विद्यार्थ्यांपैकी नावे. ह्यांचेही साधन तैलरंगच. नशीबही तेच: १८८५ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत ह्या नकलांपैकी पुष्कळ नष्ट झाल्या. १८९६-९७ साली ग्रिफिथ्सचे दोन खंड प्रसिद्ध झाले, त्यांत रेखाकृतींची संख्या मोठी आहे, आणि अभ्यासकाला आजही त्यांचाच उपयोग अधिक होतो. ह्या मंडळींच्या हातून एक अनर्थही घडला. रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी मूळ चित्रांवर वार्निश फासले. ते पुढे पिवळे पडले, आणि निजामाच्या सरकारला १९२० ते १९२२ च्या सुमारास चेक्कोनी व ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांना बोलावून उपाययोजना करावी लागली. ज्याच्या हाती तैलरंगाची पेटी असते त्याला भिंतही तैलरंगासारखी चमकदार असावी असे वाटू लागते. साधन माणसाची दृष्टी कशी वाकविते, ह्याचे ह्याहून खेदजनक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१९०९ ते १९११ ह्या काळातील दोन हिवाळ्यांत मात्र खुद्द फर्दापुरास जो तळ पडला, तो निराळ्या जातीचा होता. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही बाई तेव्हा साठीला टेकलेली. तिने १८९९ साली चेन्नीनीच्या वर उल्लेखिलेल्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले होते, आणि विलायतेत ‘टेम्परा’ पद्धतीच्या चित्रकारांची मंडळी स्थापन करण्यात तिचा पुढाकार होता. म्हणजे रंगात तेल न घालता, अंड्याच्या बलकात किंवा सरसात खल करून, पातळ हातांनी व रेषेच्या बळावर चित्र उभे करावयाचे, ही विद्या तिला आधीच अवगत होती. तिच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व व्यंकटप्पा आले. हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन आले. सय्यद अहमद पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याचे क्युरेटर झाले. भगिनी निवेदिता आणि जगदीशचंद्र बसू हेही ह्या तळाला भेट देऊन गेले. रोज सकाळी फर्दापुराहून लेण्यांकडे जावयाचे, शिडीवर उभे राहून अपुऱ्या उजेडात काम करावयाचे, मधमाश्यांपासून जीव सांभाळावयाचा आणि सायंकाळी परतावयाचे, असा क्रम.

ह्या मंडळींचे सामान थोडे होते: पारदर्शक कागद, जलरंग आणि कुंचले. कलकत्त्याच्या चित्रकारांचा हात आधीच रेषेला सरावलेला होता. १९०३ साली तायकान व शुन्सो हे जपानी चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांकडे येऊन राहिले होते, आणि एका कुंचल्याच्या टोकाने बारीक-जाड रेषा कशी काढावी हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले होते. म्हणून गिलला जेथे छायाप्रकाश दिसला तेथे ह्यांना वळण दिसले: भुवईचे, बोटाचे, कमरेचे. ह्या नकला १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केल्या. त्या निर्दोष आहेत असे नाही. यझदानी ह्यांनी १९३० पासून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांच्या खंडांशी त्या ताडून पाहिल्या म्हणजे काही ठिकाणी नकलाकाराचा हात अधिक मृदू झालेला दिसतो. पण आमच्या मते नकलेचा खरा लाभ नकलेत नव्हता. तो नकलाकाराच्या मनगटात उरला. १९३६ साली फैजपूर येथे, म्हणजे ह्याच खानदेशच्या परिसरात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलालांना बोलाविले ते स्थानिक वस्तूच वापराव्यात ह्या अटीवर. पुढे १९३८ साली हरिपुऱ्यासाठी त्यांनी हातकागदावर जी चित्रे झपाट्याने काढली, त्यांतील ठसठशीत काळी रेषा पाहावी. फर्दापुरास पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी उतरलेला तरुण तेथे ओळखू येतो.

रेषेत कथा सांगण्याची परंपरा ह्या जिल्ह्यात लेण्यांबरोबर संपली असेही कोणी समजू नये. पैठणची चित्रे म्हणून जी चित्रकथींची पाने प्रसिद्ध आहेत, आणि ज्यांचा मोठा संग्रह पुण्यास दिनकर केळकरांनी केला, त्यांत रामायण-महाभारताचे प्रसंग जाड काळ्या रेषेत सपाट रंग भरून काढलेले आहेत. चित्रकथी पान समोर धरून कथा गात असे. मागच्या श्रोत्यालाही आकृती कळली पाहिजे, म्हणून रेषा जाड. हातकागदासाठीही दूर जावयास नको होते; दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव तुघलकाच्या काळापासून ह्या धंद्याचे म्हणून प्रसिद्ध आहे. तसेच आपल्या दप्तरांतील मोडी लिहिणारा कारकून बोरू आपल्या हाताने तासून घेई. टोक किती रुंद व कोणत्या तिरकसपणाने कापावे ह्यावर त्याच्या अक्षराचे वळण अवलंबून असे. बारीक-जाड रेषेचे मर्म त्याला कोणी वेगळे शिकविले नाही. आणि आमच्याच काळात १९६७ पासून अनंत पै ह्यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ निघू लागल्या, तेव्हा त्यांतील राम वाईरकर, प्रताप मुळीक ह्यांच्या पानांना जीव आला तो रेषेनेच. आतला रंग बहुधा सपाट असे.

तेव्हा नवशिक्याने काय घ्यावे? एक गोल कुंचला, दोन किंवा तीन क्रमांकाचा, पाण्यात बुडवून झटकल्यावर ज्याचे टोक आपोआप एकवटते असा. हे दुकानातच पाणी मागून पाहावे, त्यात संकोच नसावा. सेबलच्या केसांचा परवडल्यास उत्तम, न परवडल्यास हल्लीचे कृत्रिम केसांचेही आरंभाला पुरतात. मोठा कुंचला पोट भरून शाई धरतो आणि टोकाने बारीक रेषाही देतो. अगदी बारीक कुंचला मात्र दर दोन बोटांवर कोरडा पडतो, म्हणून ‘बारीक कामाला बारीक कुंचला’ हा समज सोडावा. एक टाक व त्याची दोन निबे, एक लवचिक आणि एक ताठ. नवे निब तेलकट असते, ते पुसल्याशिवाय शाई धरीत नाही. कागद गुळगुळीत, जाड आणि चांगली खळ दिलेला, म्हणजे निबाने तंतू उचकटत नाहीत व शाई फुटत नाही. शिसपेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि चूक झाकावयास थोडा पांढरा रंग; एवढ्यावर वर्ष निघते.

शाईविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण चूक बहुधा तेथेच होते. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, तेव्हापासून मराठी घरांत देशी शाईची दौत आली. पण फाउंटन पेनाची ती शाई रंगद्रव्य पाण्यात विरघळवून केलेली असते, उन्हाने विटते, आणि वरून पाण्याचा हात फिरला की पसरते. चित्रकथेला हवी ती काजळाची काळी शाई. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. प्रकाशाने ते विटत नाही, म्हणून तर लेण्यांतील काळी रेषा दीड-दोन हजार वर्षे काळीच राहिली. काजळाला डिंकाने बांधले तर वाळलेली रेषा पुन्हा भिजते. लाखेने बांधले तर ती पाण्याला दाद देत नाही, व वरून रंग देता येतो. बाटलीवर जलाभेद्य असे लिहिलेली शाई ह्या दुसऱ्या जातीची. ती फाउंटन पेनात कधीही भरू नये, पेन कायमचे चोंदते. कुंचलाही तिच्यात बुडवून गप्पा मारीत बसू नये; लाख केसांच्या मुळाशी सुकली की टोक दुभंगते आणि मग ते कशानेही एकवटत नाही. काम संपताच, किंबहुना कामाच्या मध्येच दोनचार वेळा, कुंचला साध्या पाण्यात खळबळून घ्यावा, शेवटी साबणाचा हात द्यावा, बोटांनी टोक आणावे आणि केस वर करून पेल्यात उभा ठेवावा.