साष्टी : देशाएवढे बेट, तरीही देश का नाही?

१/ मोहन्याजवळून वाहणारी उल्हास नदी कल्याणनंतर ठाण्याच्या उत्तरेने वळून वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. उत्तरेस ही खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. मधली भूमी म्हणजे साष्टी बेट.

२/ साष्टीचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर. माल्टाचे ३१६, मालदीवचे सुमारे ३००. तरीही द्वीपराष्ट्रे ती दोन, साष्टी नव्हे.

३/ बेट भूगोलाने ठरते, राष्ट्र सत्तेने. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याची चार लक्षणे सांगितली : कायम लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध राखण्याची क्षमता.

४/ साष्टीपाशी पहिली दोन होती. उरलेली दोन नेहमी दुसऱ्याच्या हाती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगिजांस दिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला.

५/ १८५४ मध्ये ठाण्याच्या खाडीवरून रेल्वे कल्याणला पोहोचली. पण पुलामुळे द्वीपराष्ट्रपण जात नाही. सिंगापूर १९२४ पासून रस्त्याने मुख्यभूमीशी जोडलेले आहे, तरी १९६५ पासून ते द्वीपराष्ट्रच आहे.

६/ सिंगापूरही कधीकाळी तहांतून हातोहाती गेले. पुढे स्वतःच्या नावाने सही करू लागले. साष्टीच्या तहांवर सह्या झाल्या त्या इतरांच्या. बेट आणि द्वीपराष्ट्र यांतले अंतर तेवढेच.