मर्यादित जागेतील नमुना रेल्वे : ‘मिनरीज’ आराखड्याचे ऐतिहासिक महत्त्व

प्रस्तावना :
छंदांचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा काहीसा दुर्लक्षित भाग होय. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नमुना रेल्वेचा छंद सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचत असताना घरातील अपुरी जागा हा मुख्य प्रश्न होता. त्यावरील एका उत्तराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘रेल्वे मॉडेलर’ मासिकाचे संपादक सिरिल फ्रीझर यांनी १९५७ मध्ये ‘मिनरीज’ हा आराखडा प्रसिद्ध केला. लंडनमध्ये या नावाचे स्थानक १८४० ते १८५३ या काळात होते. तथापि आराखडा त्याची प्रतिकृती नसून एका काल्पनिक शहरी अंतिम स्थानकाचा होता. दुहेरी मार्ग व तीन फलाट एवढाच त्याचा विस्तार.

त्याचे वैशिष्ट्य सांध्यांच्या मांडणीत आहे. लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर नमुन्यातील लांब डबे रुळांवरून घसरतात. फ्रीझर यांनी सांधे अशा रीतीने योजिले की बहुतेक मार्गांवर ही वळणे टळली. शिवाय अशा स्थानकात गाडी घेऊन आलेले वाफेचे इंजिन फलाटाच्या टोकाशी अडकते. दुसरे इंजिन मागून जोडून गाडी बाहेर नेल्यावरच ते मोकळे होते. ही प्रत्यक्षातील अडचणच छोट्या मांडणीत खेळाचा गाभा ठरली.

निष्कर्ष :
डोंगर, बोगदे, गावे यांचा पसारा वगळूनही रेल्वेचे वाहतूक-कार्य जपता येते, हे या आराखड्याने दाखविले. जागेची उणीव येथे केवळ अडसर राहिली नाही. रेल्वेत अत्यावश्यक काय, हे ठरविण्यास तिने भाग पाडले. म्हणूनच मूळ स्थानक बंद होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याचे नाव छंदप्रेमींमध्ये टिकून आहे.